दर्याला दिलेल्या बांगड्या

दादा,

तुला वाचता येत नव्हतं. पेपर मीच तुला मोठ्याने वाचून दाखवायचो. तरी आज कागदावर लिहितोय, कारण हे तोंडाने बोलायची हिंमत मला सहा वर्षांत झालेली नाही. गोव्यातून पोर्तुगीज गेले, तुरुंग उघडले. वैनी रोज दुपारी मोरा बंदराच्या धक्क्यावर जाऊन बसते. मुंबईची लाँच लागली की उतरणारा एकेक चेहरा बघते. तू त्यात असशील म्हणून!

हे सगळं माझ्यामुळे झालं. गोव्यात झेंडा लावला म्हणून माणसांना बडवतात, ही बातमी मीच वाचली होती. जाळं सांधता सांधता तू थांबलास. म्हणालास, "आपला देश मोकला झाला नि त्ये अजून मार खातान?" चार दिवसांनी आपण दोघं सत्याग्रहींच्या तुकडीत होतो. इतकं मनावर घ्यायला तुला सांगितलं कोणी होतं रे?

वैनी तेव्हा केवढी भांडली! लग्नात आपल्या कोळ्यांच्या रीतीप्रमाणे तिने उजव्या हातातल्या बांगड्या दर्यात सोडल्या होत्या, नवऱ्याला सांभाळ म्हणून. तिचं एकच चाललं होतं, "दर्यावर कुठंबी जा. बांगड्या मी दर्याला दिल्यान, रस्त्याला नाय!" तू हसलास. "जमिनीवर कोन बुडतंय?" म्हणालास.

गोव्याच्या हद्दीपासून चिखलातून चालत निघालो. हातात काही घ्यायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून कमरेचा सुरा तू वैनीकडे ठेवून आला होतास. चालताना तुझा हात सारखा रिकाम्या कमरेकडे जात होता. मग समोरून गोळ्या आल्या. तू माझ्या पुढे होतास. पडलास, आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलंस.

मी पळालो. दादा, मी पळालो! तुझं प्रेतसुद्धा आणलं नाही. निदान 'जा' तरी म्हणायचं होतंस!

घरी आलो तर वैनी दारातच. "भावजी, ह्ये कुठं हायत?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "पकडलं त्याला. जहाजातून नेलं." जहाज कुठून सुचलं मला? तिला धीर यावा म्हणून बोललो, आणि तिला तो आलाही. उंबऱ्यावर टेकली नि म्हणाली, "जहाजातून? मंग येतील. दर्या मागारी आनंल त्यांना."

त्या एका शब्दावर तिने सहा वर्षं काढली. डाव्या हातातली बांगडी वाढली की लगेच नवी भरते. तुझा सुरा गंजू नये म्हणून त्याला खोबरेल लावते. काल मला म्हणाली, "भावजी, तुमी कदी धक्क्यावर येत नाय. भावाची वाट नाय बघत काय?" मी मान खाली घालून जेवत राहिलो. लाज वाटते रे, घास गिळताना लाज वाटते.

उद्या मी तिच्याबरोबर जाणार. लाँच लागायच्या आधी सगळं सांगणार. जहाज नव्हतं, तू चिखलात पडलास, मी तुला टाकून आलो. तिने थोबाडीत मारली तर खाईन. मग कोळीवाड्यातल्या बायका तिच्या डाव्या हातातल्या बांगड्या फोडायला येतील. तेव्हा मी दारात उभा असेन. एकीलाही आत सोडणार नाही. त्या ठेवायच्या की उतरवायच्या, वैनी ठरवील. दादा, या वेळी मी पळणार नाही.

तुझा धाकटा,
दामू