पाच कुलपांचं दार

३ मार्च
तो सुटला! सहा वर्षांपूर्वी माझ्या घराचं कुलूप फोडून भरदुपारी आत शिरलेला चोर. पेपरवाल्याने अशा थाटात बातमी दिली, जणू माझा जावईच यायचा होता.
दाराला चार कुलपं होती, आज पाचवं बसवलं. बायको म्हणाली, "आता कचरा टाकायला जायचं तर आदल्या दिवशी अर्ज करू का?"
मी धंद्याने कुलूपवाला. गिऱ्हाइकांना सांगतो, एक चांगलं कुलूप पुरे.

८ मार्च
बायको बहिणीकडे गेली. पाचही कुलपं उघडेपर्यंत बिचारीला बॅग घेऊन ताटकळत उभं राहावं लागलं. रागाने निघून जायचीही सोय ठेवली नाही मी. "कुलपं कमी झाली की कळवा," म्हणाली.

९ मार्च, रविवार
चर्चमध्ये मागचा बाक, नेहमीसारखा. पाळकसाहेबांनी सांगितलं — शिष्य भीतीने दारं लावून बसले होते, आणि येशू सरळ मधोमध येऊन उभा राहिला. काही न फोडता! धंद्याच्या दृष्टीने फार वाईट बातमी. सगळे आमेन म्हणाले. मी मनात विचारलं, प्रभू, कुलूप कोणत्या कंपनीचं होतं?
एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. येशूला धरून नेलं तेव्हा ऐन वेळी पळालेले लोक ते. त्यांना एका शब्दाने बोलला नाही तो.

१२ मार्च
पाळकसाहेब दुकानात. चर्चमागच्या खोलीला आतून कडी हवी आहे.
"कोण राहतं तिथे?"
"तोच, तुमच्याकडे चोरी करून तुरुंगात गेलेला. लोक येऊन मारतील म्हणून घाबरतो. दाराला टेबल लावून बसतो दिवसभर."
हातातली कानस खाली ठेवली. उद्या येतो म्हटलं. जायचा विचार अजिबात नव्हता.

१३ मार्च
नाही गेलो.
वहीलाही खोटंच सांगत आलोय. लिहूनच टाकतो. त्याने कुलूप फोडलंच नव्हतं. त्या दिवशी घरी आलो तर किल्ली बाहेर दाराला लटकतेय! घराला एकच किल्ली होती — कुलूपवाल्याला स्वतःची दुसरी बनवायला वेळ कुठला? चपलांच्या फळीमागे ठेवायचो. मीच विसरलो असणार. लोक हसून हसून मेले असते. म्हणून आधी मी कुलूप फोडलं, मग पोलिसांना बोलावलं. चोरी त्याची, फोडाफोडीची वाढीव वर्षं माझी देणगी.
म्हणजे तो येईल याला मी भीत नव्हतोच. तो चारचौघांत खरं बोलेल याला भीत होतो.

१४ मार्च
सकाळी खुर्चीत बसूनच म्हटलं, "प्रभू, बंद दारातून येतोस म्हणे. ये. आत पसारा आहे, पण ये."
ना उजेड, ना आवाज. पण उठलो आणि चार कुलपं काढली. ज्याला सगळं आधीच दिसलंय आणि तरी जो येतो, त्याच्यापुढे लपवायचं काय? फार हलकं वाटलं. रडलोही, उगाच कशाला नाकारू.
मग हत्यारं घेऊन त्या खोलीवर गेलो. पाळकसाहेबांसमोर त्याला सगळं सांगितलं. पोलिसांतही सांगतो म्हटलं. त्याने दाराजवळचं टेबल बाजूला सरकवलं.
"आधी कडी घट्ट बसवा, काका," म्हणाला. "राग नंतर काढतो."

१५ मार्च
पोलीस ठाण्यात जबाब दिला. पुढे काय होईल ते होईल. हवालदार पोट धरून हसला. सहा वर्षं ज्याला घाबरलो ते एवढंच! घरी येऊन दोन घास जास्त जेवलो.
बायकोला तिच्या बहिणीकडे फोन केला. "एकच उरलंय. ये."

१७ मार्च
बायको आली. सगळं सांगितलं. ती खाली बसली.
"अहो, त्या दुपारी मी चष्मा न्यायला आले होते. किल्ली दाराला मीच विसरले. तुम्ही माझी चूक झाकायला कुलूप फोडलंत, असं समजून सहा वर्षं तोंड शिवून बसलेय मी."
मग पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "चला, त्याच्याकडे आता मलाही जायला हवं."
निघालो. कोपऱ्यावर आल्यावर लक्षात आलं, किल्ली दारालाच राहिली.