केळीच्या मुळीचे फोटो

११ फेब्रुवारी
आजही काळा पडदाच! आप्पांच्या बागेतून आणलेल्या केळीच्या मुळीचा काप इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवला, तर नुसता तेलकट थर. ओला काप तसाच ठेवला की आतल्या निर्वातात पाणी उडतं, तो सुरकुततो. म्हणून हे आयनिक लिक्विड — मीठच, पण पातळ, न उडणारं. पाण्याची जागा घेतं. जास्त राहिलं की मात्र सगळं झाकतं.
लॅबमधला सीनियर मयूर म्हणतो, "ठीक से टिपून घे ना." जसं मला येतच नाही! लिक्विडची बाटली त्याच्याच कपाटात, कुलुपात. का?

१२ फेब्रुवारी
लिक्विड आणखी पातळ केलं, फिल्टर पेपरने हलकेच टिपलं — मुळीतल्या पाण्याच्या नळ्या दिसल्या! मयूर वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "बाकीचे मी करतो. तू इतवारा बाजारातून ब्लेड घेऊन ये."
ब्लेडचं पाकीट टेबलावरच होतं.
परत आले तर स्क्रीन बंद. "काही खास नाही," म्हणे.

१३ फेब्रुवारी
पद्धत मी जमवली. रिसर्च पेपर हा एकटा लिहिणार. नक्की!

१५ फेब्रुवारी
रविवार, दापोऱ्याला घरी. आप्पा म्हणाले, "आपल्या मुळीचं काय निघालं वं? खालची पानं पिवळी पडताहेत." म्हटलं, पाणी कमी पडत असेल. मयूर फोटोच दाखवत नाही, हेही सांगितलं.
आप्पा म्हणाले, "असंल काही कारण." सगळ्यांवर विश्वास त्यांचा!

१६ फेब्रुवारी
आप्पांच्या मुळीची डबी रिकामी! मयूर म्हणाला, "खराब हो गया था, फेकला." वर बघितलंही नाही.
सरळ प्रतिभा मॅडमकडे जाऊन तक्रार केली. लॅब त्यांची. त्यांनी मयूरकडून कपाटाची किल्ली काढून घेतली. जाताना मला एवढंच म्हणाला, "दोन दिवस रुकली असतीस."

१७ फेब्रुवारी
मयूरने पेनड्राइव्ह दिला. "त्या दिवशी नळ्यांत धागे दिसले. पहिल्यांदा वाटलं, लिक्विडचेच आहेत. म्हणून उरलेल्या मुळीचे परत काप केले. तीनदा. गलत निघावं वाटत होतं."
फोटो स्वच्छ. नळ्यांत बुरशी ठासून भरलेली. मर रोग — औषध नाही, आणि पाण्याबरोबर पसरतो. आप्पांची बाग.
आप्पांना फोन केला. सगळं सांगितलं. आप्पा म्हणाले, "आपलं पाणी खाली समाधानच्या बागेत उतरतं. आधी त्याला सांगून येतो."