अपवाद नको

११ सप्टेंबर

पाळणाघर बंद! तीन आठवडे! काल गोवराची दोन पोरं निघाली, आज दारावर कागद — लस न घेतलेल्या मुलांनी घरीच राहावं. आमच्या खोऱ्यात लस न घेतलेली मुलं इतकी की उरलेल्यांसाठी दिवे लावणं परवडेना. म्हणून कुलूप.

हा गावाचा तोटा. माझा तोटा वेगळा. लादिना काल संध्याकाळच्याच गाडीने घाटापलीकडे आईबापांकडे निघून गेली. पाळणाघरात काम करते ती. इथे येऊन दीड वर्ष झालं. राहते माझ्याच फ्रिडली मामाच्या माडीवर, आणि त्याच घराच्या तळघरात मी मामाच्या चीजची चाकं मिठाच्या पाण्याने पुसतो. झुरिचचं कॉलेज सोडून आलो तेव्हा आईने विचारलं, "आता पुढे काय करणार?" हे करणार. खाली चाकं पुसणार, वरची पावलं ऐकणार.

आता वर पावलं नाहीत. मामा म्हणतो, "गोवराचं काय एवढं! आम्ही सगळ्यांनी काढला. मेलो का?"

"जे मेले ते इथे बोलायला येत नाहीत, मामा."

त्यावर त्याने मला आणखी दोन फळ्यांवरची चाकं पुसायला लावली.

४ ऑक्टोबर

आली! बेकरीत भेटली. चेहरा उतरलेला. म्हणाली, "सगळ्यांनी लस घेतली असती तर हे झालंच नसतं. कोणीतरी काहीतरी करायला हवं, मथीस."

कोणीतरी म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. बेकरीत आणखी होतं तरी कोण? बेकरीवाली. तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

५ ऑक्टोबर

ठरलं. अर्ज करणार. आमच्या प्रांतात एकट्या माणसाने अर्ज केला तरी तो मे महिन्यात मैदानात भरणाऱ्या सगळ्या मतदारांच्या सभेपुढे ठेवावाच लागतो. एका वर्षी मामाने अर्ज केला होता की गाईंच्या गळ्यातल्या घंटांवर तक्रार करणाऱ्या शहरी पाहुण्यांना सरकारनेच कापूस पुरवावा. अख्खा प्रांत मैदानात जमला आणि हात वर करायच्या वेळी हात खाली ठेवून उभा राहिला. मामा अजून म्हणतो, "थोडक्यात गेला."

माझा अर्ज: पाळणाघरात येणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि काम करणाऱ्या प्रत्येकाला गोवराची लस सक्तीची.

लादिनाला सांगितलं. तिने दोन्ही हातांनी माझा हात धरला. लिहिताना तोच हात वापरतो आहे.

१९ ऑक्टोबर

गटाची पहिली बैठक, आमच्या स्वयंपाकघरात. हजर: मी, लादिना, निवृत्त शिक्षिका झोप्फी बाई, आणि टपालाची बस चालवणारा रुएदी, जो केकसाठी आला आणि तसं त्याने लपवलंही नाही.

क्रांती व्हायला हवी होती. झाली नावाची चर्चा. "गोवरमुक्त खोरं" हे माझं नाव. झोप्फी बाई म्हणाल्या, मुक्त झालेलं नाही ते नावात कसं? रुएदी म्हणाला, खोरं म्हटलं की वरच्या वाड्या रुसतात. मग अध्यक्ष कोण, उपाध्यक्ष कोण, कागदपत्रं कोण सांभाळणार. चार माणसांत चार पदं! गटात सामान्य सभासद एकही नाही, सगळे पदाधिकारी. केक कापायचा की नाही यावरसुद्धा बाईंनी हात वर करायला लावले. तो ठराव मात्र एकमताने.

अध्यक्ष मी. लादिनाने माझं नाव सुचवलं. तिने!!

२० ऑक्टोबर

आई म्हणाली, "कॉलेज सोडलेल्याला अध्यक्ष करतात होय?" म्हटलं, कॉलेजात शिकलेले उपाध्यक्ष होतात.

९ नोव्हेंबर

अर्जाचा मसुदा. भांडण झालं. झोप्फी बाईंना एक ओळ वाढवायची होती — "वैद्यकीय कारणाने लस देता येत नाही अशांना वगळून." मी उडालोच. अपवाद म्हणजे उंदराचं बीळ! पलीकडच्या खोऱ्यात तो झाडपाल्याचा वैद्य बसलाच आहे चिठ्ठ्या वाटायला. मामासारखे सगळे त्याच्या दारात रांग लावतील, आणि कायदा राहील शोभेला.

लादिना हळू आवाजात म्हणाली, "पण खऱ्या डॉक्टरनेच मनाई केली असेल तर?"

मी म्हणालो, "अशी माणसं असतात कुठे? फ्रिडली मामाच्या गप्पांत."

मतं घेतली. अपवाद हवा: बाई आणि लादिना. नको: मी आणि रुएदी (तिसरा तुकडा तोंडात, पण हात वर). बरोबरी झाली की अध्यक्षाचं मत चालतं. अध्यक्ष कोण, ते वर लिहिलंच आहे.

लादिना उठली आणि सगळे कप धुतले. धुवायचे नव्हते तेही. स्वच्छतेचं फार आहे तिला. मला आवडतं.

१५ नोव्हेंबर

अर्ज दिला. "अपवाद नको" ही आमची घोषणा ठरली. म्हणजे मी ठरवली.

१४ जानेवारी

दिवसभर पत्रकं वाटली. मी आणि लादिना! गुडघाभर बर्फ. प्रत्येक दारात तेच — आधी कॉफी, मग हवामान, मग गाईंची चौकशी, मग पत्रक, मग "बघू." आमच्या लोकांचं "बघू" म्हणजे शेकोटीला कागद मिळाला.

वरच्या वाडीत एका आजीबाईंनी लादिनापुढे कच्च्या दुधाचं चीज ठेवलं. घेतलं नाही. मामाकडेही घेत नाही. चीजवाल्याच्या घरात राहून चीज खात नाही, यावर मामा चेष्टा करेल असं मला वाटायचं. करत नाही. तोही वयाने मऊ पडला असावा.

परतताना तिच्या घड्याळाने टिक टिक केलं आणि तिने खिशातून डबी काढून दोन गोळ्या घेतल्या. रोज घेते. हिवाळ्याची जीवनसत्त्वं असणार. आईही घेते.

मग पुलावर थांबली. टोपी काढली. पुन्हा घातली. म्हणाली, "मथीस, मला तुला एक सांगायचंय. खूप दिवस झाले."

माझ्या छातीत चर्चची घंटा. पण — मी मूर्ख नाही. हे असं, नाक गळत असताना, पायांत ओले बूट? मला ते जिंकलेला माणूस म्हणून ऐकायचं आहे. म्हणालो, "आत्ता नको. सभा होऊ दे. त्या दिवशी संध्याकाळी सांग."

"तेव्हा उशीर होईल रे."

"नाही होणार," मी म्हणालो. "मी थांबेन."

काय वाक्य होतं! घरी येऊन आरशापुढे पुन्हा म्हणून पाहिलं.

१५ जानेवारी

झोप नाही. खूश.

२२ मार्च

सरकारने छापून कळवलं: अर्ज फेटाळावा अशी शिफारस. छान! सरकार विरोधात असलं की आमची माणसं हमखास बाजूने येतात. छापील पुस्तिका घरोघरी गेली, मामाकडेही. तळघरात त्याने ती चाकांच्या फळीवर आपटली.

"भाच्या, लसच चालत नाही त्याचं काय करणार तुझा कायदा?"

"त्याने पाळणाघरात काम करू नये. जग मोठं आहे."

मामाने वर पाहिलं, छताकडे. वर पावलं चालली होती. मग म्हणाला, "पोरीला विचारलंस कधी?"

"तिच्यासाठीच तर करतोय सगळं!"

"हो. पण विचारलंस का?"

उंटावरचा शहाणा. स्वतःला कुठली लस घ्यायची नाही, म्हणून पोरीबाळींच्या आडून बाण मारायचे. त्याला म्हटलं, तुम्ही घंटांच्या कापसाचं बघा.

२८ एप्रिल

लादिना आज विचारत होती — मैदानात कोणीही उभं राहून अर्जात बदल सुचवू शकतं ना? म्हटलं, कोणीही. पण बोलायला मधल्या मंचावर जावं लागतं, हजारो लोक, नाव सांगायचं, कारण सांगायचं. ती म्हणाली, "कारणही?" म्हटलं, कारणाशिवाय कोण ऐकेल.

मला मदत करायची तिची इच्छा असणार. भित्री आहे. गोड आहे.

सभेचा दिवस, मे

घरी आलो. संतापलोय. क्रमाने लिहितो.

सकाळी ऊन, दरीतून गरम वारा. मैदान भरलेलं. मध्ये मंच, मंचाभोवती शाळेची पोरं, मग आम्ही सगळे, प्रत्येकाच्या हातात मतदानाचं रंगीत कार्ड. आमचा विषय सहावा. मी मंचावर गेलो. "विश्वासू, प्रिय भूमिबंधूंनो" ही रीतीची सुरुवात करताना आवाज फाटला, पुढे बरा झाला. टाळ्या वाजवायची पद्धत नाही, पण कुजबुज चांगली होती.

मग मंचावर कोण? फ्रिडली मामा! कोट घालून!

"विश्वासू, प्रिय भूमिबंधूंनो. मी या कायद्याच्या विरोधात आहे, हे माझ्या गाईंनाही माहीत आहे. पण व्हायचाच असेल तर एक ओळ घाला. ज्याला डॉक्टरनेच ही लस देऊ नये म्हटलं, त्याला वगळा. असं माणूस आपल्यात असू शकतं. त्याने इथे येऊन सगळ्यांपुढे स्वतःचं दुखणं सांगावं अशी अपेक्षा ठेवू नका."

चलाख म्हातारा! ना नाव, ना गाव, आणि बायकांच्या डोळ्यांत पाणी. मी पुन्हा मंचावर चढलो. म्हणालो, हे उंदराचं बीळ आहे. आज एक उंदीर जाईल, उद्या खोऱ्यातले सगळे. हशा पिकला. जिंकलो हे तेव्हाच कळलं.

सभापतींनी विचारलं, फ्रिडलीची ओळ कोणाला हवी? मी अजून मंचावरच होतो, तिथून सगळं दिसतं. झोप्फी बाईंचं कार्ड खाली. गटाने ठरवलं ते ठरवलं, असा त्यांचा बाणा. रुएदीचं खाली. आणि मामाच्या जागेशेजारी — लादिनाचं वर. ताठ. सरळ माझ्याकडे बघत.

माझ्या गटातली. माझं नाव सुचवणारी.

आमच्याकडे हात मोजत नाहीत, सभापती डोळ्यांनी अंदाज घेतात. दोनदा हात वर करायला लावले, शेजारच्या मंत्र्यांना विचारलं, आणि सांगितलं: ओळ नको. मूळ अर्ज राहिला.

मग शेवटचं मत, कायदा हवा की नको. मी खाली उतरून पुढच्या रांगेत उभा राहिलो, तिच्याकडे पाठ करून. मागे वळून पाहिलं नाही. पाहणारही नव्हतो. कायदा झाला. जास्त हात वर होते, सभापतींना दुसऱ्यांदा बघावंही लागलं नाही.

जेवणाला खानावळीत सगळ्या गावाने पाठ थोपटली. सॉसेज, बटाटे, सुकी आलुबुखारं, नेहमीचं ताट. ताट बाजूला सारलं. दिवस कलताना ती तिथेच दारात आली. म्हणाली, "संध्याकाळी सांग म्हणाला होतास."

मी म्हणालो, "मैदानात सांगितलंस की. सगळ्यांनी पाहिलं."

तिचं घड्याळ टिक टिक करायला लागलं. गेली.

१० मे

वर्तमानपत्रात फोटो. मी, बोट वर केलेला. आईने कापून फ्रिजवर लावला. खाली "अपवाद नको." कॉलेजच्या लोकांनी पाहावा अशी इच्छा आहे.

२ जून

तळघरात आता रेडिओ लावतो. मोठ्याने. वरचं ऐकायला नको.

१९ जून

झोप्फी बाई म्हणाल्या, लादिनाने पाळणाघराला राजीनामा दिला. कायदा ऑगस्टपासून, ती जुलैअखेर जाणार. म्हणजे लस घ्यायची तयारीच नव्हती! पहिल्यापासून! आमच्या गटात बसून, आमचा केक खाऊन! म्हटलं, बरं झालं. बीळ बुजवलं की उंदीर दिसतातच.

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, मी चौथीत असताना पाहायच्या तसं.

७ जुलै

रेडिओ बंद केला. नुसतं, बॅटरी वाचवायला.

३१ जुलै

लादिना सकाळच्या गाडीने गेली. रुएदीचीच बस. त्याने माझ्याकडे बघून हॉर्नही वाजवला नाही.

मामा खाली आला. माझ्या हातातलं फडकं घेऊन स्वतः चाक पुसायला लागला. पुसता पुसता म्हणाला, "तिच्या पोटात तिच्या बापाचं मूत्रपिंड आहे. लहानपणापासून. ते टिकावं म्हणून त्या गोळ्या, आणि त्या गोळ्या घेणाऱ्याला ही लस देत नाहीत. बाकीच्यांनी घेतली तरच तिला भीती नाही. म्हणून म्हणाली होती तुला, कोणीतरी काहीतरी करायला हवं."

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"तिने शपथ घातली होती. नव्या गावात तिला आजारी पोर म्हणून राहायचं नव्हतं. तुला स्वतः सांगणार होती. तू म्हणालास, सभेनंतर."

चाक उलटं केलं. दुसरी बाजू पुसली.

"आणि ऐक. शेवटी विचारलं ना, कायदा हवा की नको? तुझी पाठ होती. माझा हात खाली होता. ती माझ्या शेजारी होती. तिने वर केला."