फोटोतला लाल गोल

१२ ऑक्टोबर, रविवार

एकेचाळिसावा अंक आला! आई मासळी बाजारात, मी पलंगावर पालथी पडून मोबाईलवर दोनदा वाचला. आजवरचा सगळ्यात काळा अंक. वज्रकाका दरीत कोसळणारी एसटी हवेतल्या हवेत झेलतो. मग खाली बघतो, तर फोटोवाला अजून पोचलेलाच नाही. म्हणून एसटी पुन्हा सोडतो — फोटोवाला आला की परत झेलू म्हणून. शेवटच्या चौकटीत त्याचाच सत्कार. शाल, श्रीफळ आणि मृतांसाठी दोन मिनिटं शांतता. मी एवढी हसले की ठसका लागला. यात हसण्यासारखं काय होतं, हा प्रश्न नंतर पडला.

‘महाबली आणि मंडळी’ हे कॉमिक कोण काढतं कुणालाच ठाऊक नाही. दर रविवारी नेटवर येतं एवढंच. त्यातले सगळे महाबली आपल्या पुढाऱ्यांसारखे, उडायच्या आधी फ्लेक्स लावतात. मला हे जवळचं वाटणारच. एसटी स्टँडजवळच्या दुकानात बसून मी दिवसभर फ्लेक्सच बनवते. कुणा भाऊंचा वाढदिवस असला की त्यांच्यामागे सिंह चिकटवायचा, नाहीतर समुद्र.

ग्रुपवर सकाळपासून अडीचशे मेसेज. ओमकारने अठराव्या चौकटीवर लाल गोल करून टाकलाय — एसटीच्या खिडकीत दुसरा महाबली, जलसिंह, बसलाय! खरंच बसलाय. हा चित्रकार कोपऱ्याकोपऱ्यांत काही ना काही दडवून ठेवतो आणि आम्ही रत्नागिरीचे सदतीस येडे ते हुडकून लाल गोल करत बसतो. त्यालाच आम्ही थिअरी म्हणतो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी टपरीवर तिघंच जमलो. ओमकार त्याच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून आला, सानवी नर्सिंगच्या ड्युटीवरून. तिच्या ॲप्रनवर आयोडिनचे डाग होते आणि ती तशीच वडापाव खात होती.

ती म्हणाली, "ह्या एवढ्या अंकांत एक तरी माणूस खरंच चांगला का नाही?"

ओमकार म्हणाला, "कारण खऱ्यात पण नाही."

मी टाळी दिली त्याला. सानवी म्हणाली, "वॉर्डात येऊन बघा एकदा." ही पोरगी ग्रुपमध्ये आहे तरी कशाला, असं कधी कधी वाटतं. आणि ती नसेल तर ग्रुपवर दोन मिनिटंही थांबवणार नाही, असंही वाटतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

बेचाळिसावा अंक पूर्ण जलसिंहावर. समुद्रकिनाऱ्यावरचा धोक्याचा लाल झेंडा तोच गुपचूप उपटतो. खडकामागे लपून बसतो. पर्यटक पाण्यात जातात, बुडायला लागतात, मग हा छाती फुगवून उडी मारतो. वाचवतो तेही सगळ्यांना नाही — जे सेल्फीत बरे दिसतील त्यांना.

ओमकारने ग्रुपवर लिहिलं, "आपल्याकडे पण एक आहे. ओळखा."

ओळखायला काय लागतंय? बाबल्याकाका. पलीकडच्या गावची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, तिथे दिवसभर शिट्टी घेऊन उभा असतो तो माणूस. मूळचा नाटे गावचा, होडीवर होता, गुडघा गेल्यावर किनाऱ्यावर आला. चार वर्षांत बारा जणांना बाहेर काढलंय. त्याच्या सत्काराचा फ्लेक्स मीच केला होता गेल्या वर्षी.

"बाराच्या बारा वेळा हाच कसा तिथे?" — ओमकार.

"कारण तो दिवसभर तिथेच असतो," — सानवी.

तिच्या मेसेजला एकही अंगठा नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीच्या शुभेच्छांचे एकोणीस फ्लेक्स. मान मोडली. तरी मधल्या वेळात गेल्या वर्षीची फाईल उघडली. सत्काराच्या फ्लेक्सवर लावलेले बाबल्याकाकांचे आठ फोटो. प्रत्येकात कुणीतरी वाळूवर आडवं, काका बाजूला ओणवे, भोवती गर्दी. आठही फोटो ग्रुपवर टाकले.

दहा मिनिटांत ओमकारचे लाल गोल परत आले. आठही फोटोंत किनाऱ्याचा तोच तुकडा, मागे तोच सुरूचा बुंधा, आणि त्याच्यापुढे जिथे झेंडा असायला हवा तिथे रिकामा गोल. आठातल्या एकातही झेंडा नाही!

अंगावर काटा आला. खरं लिहायचं तर — मजा वाटली. एवढी मजा कित्येक महिन्यांत आली नव्हती. सानवीने विचारलं, "झेंडा फोटोत नाही म्हणजे नव्हताच, असं कुठंय?" ओमकार म्हणाला, "चौकटीत काही उगाच नसतं, आणि काही उगाच गायब होत नाही."

२१ ऑक्टोबर, मंगळवार

चार चौकटी काढल्या. लक्ष्मीपूजनाची रांगोळी आईवर टाकून. पहिलीत काका झेंडा उपटतायत. दुसरीत सुरूमागे बसून शेंगा खातायत. तिसरीत मुंबईचं कुटुंब पाण्यात. चौथीत शाल आणि श्रीफळ. तो कानातला सोन्याचा बारीक डूल, तो आखडलेला गुडघा, सगळं हुबेहूब जमलं. माझ्या हातून इतकं चांगलं आजवर काही उतरलं नव्हतं.

ग्रुपवर टाकताना खाली लिहिलं: फक्त आपल्यात.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आई बाजारातून आली ती मोबाईल पुढे धरूनच. "ह्यो बाबल्या ना गो? हाच पोरांना बुडवायचा म्हणे." माझ्या चार चौकटी. ‘फक्त आपल्यात’ कुणीतरी कापून टाकलंय.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी, पुळणीवर गाड्यांना जागा नाही. ओमकार काल जाऊन आला, व्हिडिओ घेऊन. काका शिट्टी मारतात तर पोरं ओरडतात, "जलसिंह आला रे!" आणि आणखी आत जातात. झेंड्याची काठी उपटून हातात धरायची, काकांसारखं ओणवं व्हायचं, फोटो काढायचा आणि काठी दिसेल तिथे खोचून निघून जायचं — ही नवीन टूम. काका मागोमाग लंगडत जाऊन ती परत जागेवर लावतात. व्हिडिओत ते एकदाही कुणावर ओरडत नाहीत. नुसते चालतात.

ओमकार म्हणाला, "बघ, काठीसाठी किती जीव टाकतोय. काहीतरी आहेच."

मी हसण्याचं चित्र टाकलं. हसू आलं नव्हतं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

काकांची बायको गंगा बाजारात आईपासून तिसऱ्या जागेवर बसते. मासे विकणाऱ्या बायका भांडतील, उणीदुणी काढतील, पण सकाळचा चहा एका किटलीतला घेतात. आज गंगाला कुणी कप दिला नाही. आई सांगत होती.

मी विचारलं, "तू तरी द्यायचास."

आई म्हणाली, "सगळ्यांच्या पुढं मी एकटी कशी देऊ?"

जेवण गेलं नाही. आईला वाटलं ताप आहे.

१ नोव्हेंबर, शनिवार

काका आज दुकानात आले. स्वतः!

मला वाटलं, कळलं ह्यांना. पण ते चपला बाहेर काढून आत आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, "बाय, एक मोठा बोर्ड करून दे. ‘हितं पाणी आत ओढतं.’ झेंडा आता कोण बगत नाय. लोकां त्येच्यासोबत फोटो काढतात. बोर्ड तरी उपटायचे नाय."

मी मान खाली घालून अक्षरं मांडत होते. म्हटलं विचारावंच. "काका, लोक म्हणतात, तुम्ही कुणाला बाहेर काढता तेव्हा झेंडा जागेवर नसतो."

"कसा असंल?" ते म्हणाले. "काठी माझ्या हातात असते ना."

मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं, लहान पोराला सांगतात तसं. बुडणारा माणूस हात दिला तर गळ्यात पडतो, मग दोघंही जातात. त्याला हात द्यायचा नाही, काठी द्यायची. आणि किनाऱ्यावर हाताशी काठी कुठली? झेंड्याची. "म्हणून तर मी बांबू जाड घेतलाय. नायतर फडक्याला काय, काटकी पण चालली असती."

ते गेल्यावर मी फोटो उघडले. सत्काराच्या फ्लेक्ससाठी तयार केलेले नव्हे, त्यांच्या पुतण्याने पाठवलेले मूळ. आठांपैकी सहांत काठी आहे. ओली, वाळूत आडवी पडलेली, लाल फडकं तिला गुंडाळलेलं, अगदी त्यांच्या पायाशी. फ्लेक्सवर ती बरी दिसत नव्हती म्हणून मी खालची बाजू कापली होती. आठही फोटोंची. मीच.

कॉमिकात जे दिसतं ते कुणीतरी मुद्दाम काढलेलं असतं, जे दिसत नाही ते मुद्दाम गाळलेलं. इथे गाळणारी मी होते, आणि मी त्यातून गुन्हेगार शोधत होते.

२ नोव्हेंबर, रविवार

मूळ फोटो ग्रुपवर टाकले. सगळं लिहिलं — काठीचं, कापाकापीचं, चित्र माझं होतं आणि चुकलं हेही. तीन अंगठे. ओमकार म्हणाला, "एवढे दिवस कुठे होते हे फोटो? काठी तू घातलीस ना? फ्लेक्सवाली आहेस, तुला काय अवघड." कुणीतरी लिहिलं, "थिअरीच भारी होती यार." मग त्रेचाळिसावा अंक आला आणि सगळे तिकडे वळले.

गावागावांच्या ग्रुपवरही मूळ फोटो पाठवले. माझ्या चार चौकटी अडीच दिवसांत चिपळूणपर्यंत पोचल्या होत्या. हे फोटो आईच्या मोबाईलपर्यंतही आलेले नाहीत. तिला मीच दाखवले, सगळं सांगितलं. "आणि ते चित्र तू काढलंस?" एवढंच ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

३ नोव्हेंबर, सोमवार

सानवीचा फोन. "ग्रुपवर लिहून काय होतंय? त्यांच्या तोंडावर सांग. आणि तिथे, पुळणीवर, लोकांसमोर सांग. गर्दी असते तेव्हा." मी म्हटलं, सांगेन. "कधी?" रविवारी. "आज काय झालं?" आज दुकान आहे. ती म्हणाली, "दुकान काय रोजच आहे." मग जरा मऊ झाली. "बरं, रविवारी मी येते सोबत. तू बोल, मी नुसती उभी राहीन."

५ नोव्हेंबर, बुधवार

आईने आज गंगाला चहा दिला. गंगाने घेतला नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काकांचा बोर्ड तयार आहे. घेऊन जा म्हणून फोन केला, तर म्हणाले, "जागा सोडून येता येत नाय गो आता. मी हितं नसलो आणि काय झालं तर म्हणतील पळाला. असलो तर म्हणतील ह्यानेच केलं." आवाज नेहमीचाच होता. रागवायला हवं होतं त्यांनी कुणावर तरी. मी म्हटलं, रविवारी मीच आणून देते. आणि तिथल्या तिथे, फोनवरच, सांगून टाकता आलं असतं. मी फोन ठेवून दिला. भित्री आहे मी, दुसरं काही नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

काय बोलायचं ते चार वेळा लिहून काढलं. चारही वेळा पहिलं वाक्य माझ्याच बाजूचं निघालं — मला माहीत नव्हतं, माझा हेतू तसा नव्हता. खोडलं. ‘काका, ते चित्र मी काढलं.’ एवढंच म्हणायचं. सानवी सकाळी स्टँडवर भेटणार आहे. उद्या एवढ्या वेळी हे सगळं मागे पडलेलं असेल, असं मनाला सांगतेय.

१० नोव्हेंबर, सोमवार

सानवी गेली.

लोकांसमोर सांगण्याआधी मला काकांशी एकटीने बोलता यावं म्हणून ती पाण्याच्या कडेने पुढे चालत गेली होती. झेंडा पोरांनी फोटोसाठी उपटून भलतीकडेच खोचला होता. मी काकांना अजून काहीच सांगितलं नव्हतं, तोच लाटेने गुडघाभर पाण्यातून तिला आत ओढलं. काका ती काठी उपटून घेऊन पाण्यापर्यंत धावले आणि थांबले. मागे वळले. मोबाईल धरून उभ्या राहिलेल्या लोकांना ओरडून विचारलं, "बगताय ना सगळे? मी वाळूत होतो. मी तिच्या जवळ पण नव्हतो." कुणी बोललं नाही. त्यांनी परत विचारलं. मग माझ्याकडे बघितलं. "तू सांग गो बाय, तू बगितलंस ना?"

मी हो म्हणाले. मग ते पाण्यात उतरले.