बादलभाऊचे पाच बोर्ड

धरणाकाठचा तांडा, ता. आर्णी
दि. ९ मार्च २०२५

बादलभाऊले अंजूचा रामराम.

इकडं सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. तूर निघाली. कापसाची शेवटची वेचणी झाली. याडी, म्हणजे तुझी माय, आठवत असेल तर, होळीसाठी घागऱ्याचे आरसे पुन्हा टाचून राह्यली. तू फोन उचलत नाही, म्हणून ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती पत्र. कागद तरी कट करता येत नाही.

तुझा निरोप आर्णीच्या घनश्यामनं दिला. 'पाचही बोर्ड बांधून ट्रॅव्हल्सनं गोव्याले पाठव, तिथल्या लोकायले त्यातलं कळते.' वा रे कळणारा. तीन वर्षं तिथल्या किनाऱ्यावर, पाण्यात उभ्यानं वल्हवायचे बोर्ड धुऊन पाहुण्यायच्या हाती दिले, आणि घरी आला तर चाल अशी, जसा समुद्र यानंच भरला.

बोर्ड निवडले कसे, ते तूच सगळ्यायले रंगवून सांगत होता. शंकरपटाच्या शर्यतीचा बैल पाहावा तसे. लांब अंग, बारीक कंबर, टोकदार तोंड, मागं निमुळता. वरून थाप मारून म्हणे, 'हा पळते.' पळते ना. पण पहिल्यांदा पाण्यावर चढणाऱ्याले पळायचं नसते भाऊ, उभं राहायचं असते. त्याले रुंद बोर्ड लागते. गोल तोंडाचा, खालून सपाट, कडेले जाड, मागं चौकोनी. पाय इकडंतिकडं झाला तरी तो सांभाळून घेते. तुझे तीन लांबोडे खालून गोलसर. एका पायावर भार गेला की उलटे. आणि चौथा म्हणे लाटांवरचा, आखूड, वळायले चपळ. धरणात लाट कुठून आणशील? म्हशी उतरल्या तर येते, तेवढीच.

पाचवा रुंद होता. त्याले तू 'म्हैस' म्हणाला. गोव्यावाल्यानं गळ्यात मारला म्हणे.

त्या म्हशीवर मी रोज पहाटे उभी राहत होती. तुले तीनदा सांगितलं, नवख्यायले हाच दे. सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी तू दहा माणसांसमोर म्हणाला, 'अंजू, तुले पाण्यातलं काय कळते? उद्याच्या चहाची साखर पाह्य.' दहाही जण हसले. मी साखर पाह्यली.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर तुझ्या बोर्डाच्या धंद्याचं उद्घाटन. मांडव, नारळ, माइक. तांड्याचे नाईक रामसिंगकाका पागोट्यासकट पाण्यात. शाळेचे दोन मास्तर, तेही पाण्यात. आणि तू माइकवर काय बोलला? 'या लोकायले तोलच नाही.' ज्यांचे आजे-पणजे बैलाच्या पाठीवर दोन्हीकडं सारख्या गोण्या लादून अर्धा मुलूख फिरले, त्यायले तोल नाही. तुझं शिक्षण इतकं कमी आहे हे मले माहीत नव्हतं.

मग बा उठला. त्याले पोहणं येते, त्याची काळजी नव्हती. पोराची फजिती झाकायची होती त्याले. धोतर खोचलं आणि सगळ्यायले ऐकू जाईल असं म्हणे, 'माझ्या पोराचा बोर्ड चांगला आहे, पाहा.' दोन हातसुद्धा गेला नाही. काठाचा दगड लागला, गुडघ्याची वाटी फुटली. बा यवतमाळच्या दवाखान्यात, आणि तू संध्याकाळच्या ट्रॅव्हल्समध्ये.

प्लास्टर निघून आठ दिवस झाले. डॉक्टर म्हणते, आता चालवा, नाही तर पाय कायमचा आखडून जाईल. बा उठत नाही. भेटायले कोणी आलं की म्हणते, 'खोट माझ्याच पायात होती. माझ्यानं पोराचं काम मोडलं, म्हणून तो गेला.' याडी समजावून थकली. तो भिंतीकडं तोंड करते.

आता ऐकायची हिंमत असेल तर ऐक. तुझ्या लांबोड्यावरही मी उभी राहते. महिनाभर रुंद बोर्डावर पाय बसवले, मग त्याच्यावर चढली. पाय मधोमध, गुडघे ढिले, नजर पलीकडच्या काठावर. इतका सरळ जाते तो, की रुंद बोर्डाले लागते त्याच्या अर्ध्या वेळात पलीकडं. म्हणजे बोर्ड वाईट नव्हता. तो तू नवख्यायच्या पायाखाली दिला, फक्त मिरवायले, ते वाईट होतं. तुझी मले कीव येत नाही, किळस येते.

इथंच थांबायचं ठरवलं होतं. दोनदा पत्राची घडीही केली.

रामसिंगकाका पडल्यावर तुले अक्कल आलती. मांडवामागं तू रुंद बोर्ड शोधत होता, मी पाह्यलं. तो तुराट्यांच्या गंजीखाली होता. पहाटेच मी तो ओढत नेऊन लपवलता. मले तुझी फजिती पाहायची होती. बा पाण्याकडं निघाला तेव्हाही दोन मिनिटांत काढता आला असता. मी कपबशा विसळत राह्यली. म्हटलं, अजून थोडं होऊ दे. आणि 'अजून थोडं' म्हणजे माझा बाप होता.

तुले शिव्या द्यायले दीड कागद पुरला नाही, अन् माझं सगळं सात-आठ ओळीत झालं.

आज सकाळी बाले हे सांगितलं. म्हटलं, आता तरी उठेल, मले मारायले का होईना. तो हळूच म्हणे, 'बादलले नको सांगू. तो तुले बोलेल.'

सांगितलं. काय बोलायचं ते इथं येऊन बोल, त्याच्यासमोर. आणि त्याच्या पायात खोट नव्हती, हे तुझ्या तोंडानं सांग. हे माझ्या तोंडून त्याले खरं वाटत नाही. पोरगी बापाची समजूत काढून राह्यली, असं त्याले वाटते. होळी गुरुवारी आहे. बोर्ड मी पाठवणार नाही, न्यायचे असतील तर तूच ये.

ज्याले आपण दोघंही अजून चांगले वाटतो, त्या माणसाची, तुझ्याएवढीच नालायक पोरगी,

अंजू