स्वयंपाकघरातले जोडे

सिंदेवाही, जिल्हा चांदा
पौष वद्य पंचमी, १९५५

तीर्थस्वरूप गुणवंतभाऊंस धाकट्या सोमाजीचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी पाय सध्या डॉक्टरच्या ताब्यात आहेत, उरलेल्यांचा स्वीकारावा.) तुमची साखर कशी आहे? माझी आहेच.

भाऊ, माणसाने स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोच्या हातचं वरण कुत्र्याशेजारी बसून खावं, एवढा अन्याय मालगुजारी गेली तेव्हाही झाला नव्हता. चांद्याच्या डॉक्टरचा हुकूम: साखरेनं पाय बधिर झालेत, घरातही अनवाणी चालायचं नाही. कमळाचा हुकूम: जोडे उंबऱ्याच्या आत येणार नाहीत. दोन्ही हुकमांवर अपील नाही, तेव्हा माझं पान ओसरीवर.

जोडे इमानानं वापरले. फक्त खळ्यावर काढले. धानाची रास म्हणजे लक्ष्मी. तिच्यापुढे जोडे घालून उभा राहणारा आपल्या झाडीपट्टीत अजून जन्मायचा आहे. (डॉक्टर मूळचा नागपूरचा. त्याला धान पोत्यातच भेटतं.) घरी तसाच अनवाणी आलो तर कमळा मागून कडाडली, "काऊन जी, सारवलेल्या ओसरीवर पान थुंकून राह्यले? लाज नाई वाटत?" पान सोडून वर्ष झालं, हे मी तिला सविस्तर आणि जरा अपमानकारक भाषेत समजावत होतो. ती लाल ठिपक्यांमागे ठिपके पाहत माझ्या पायापर्यंत आली आणि तिनं तळवा उलटा करून पाहिला. बाभळीचा काटा अख्खा आत, आणि धन्याला पत्ता नाही!

मग चांद्याला काही दिवस मुक्काम पडला. परतलो तर कमळानं जुन्या लुगड्याचे थरावर थर घालून जोडे शिवलेले. म्हणाली, "हे अंगणात गेलेच नाई, तर इटाळ कायचा? चला, चुलीपाशी जेवा." कुत्रा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

आपला,
सोमाजी

ता. क. डाव्या पायाची करंगळी चांद्यालाच ठेवून यावी लागली. वर लिहायचं राहून गेलं.

आणखी ता. क. 'वरोऱ्याच्या कापसात, पऱ्हाटीत अनवाणी फिरतो, काटाही बोचत नाही,' अशी शेखी तुम्ही मागच्या पत्रात मिरवली होती. भाऊ, बोचत नाही हीच तर बिमारी! पत्र त्यासाठीच लिहिलं. वाचून होताच तळवे पाहा. पोट आडवं येत असेल तर वहिनींना आरसा धरायला सांगा.

शेवटचा ता. क. कमळा रोज दिवेलागणीला माझे तळवे उजेडात धरून पाहते. आज माझं लक्ष गेलं, तिच्याच टाचा फुटल्यात. तेलाची वाटी घेऊन बसलो. "काय करून राह्यले जी? कोणी पाहीन ना!" म्हणाली. पण पाय काही मागे घेतले नाहीत.