बुडालेल्याचा वाटा

मु. खडकवाडी, ता. वाळवे, इंग्रजी हद्द
ता. ६ एप्रिल १९४७

चि. केरबास रंगुअक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही बरे, तुमची खुशाली कळवावी.

गुंडा नावाडी तुझा निरोप सांगून गेला. पुरानं नदीची धार, म्हणजे दोन राज्यांची हद्द, आमच्या अंगाला सरकली, म्हणून सगळा डोह संस्थानच्या हद्दीत गेला म्हणे. यंदा माशांचे तीन वाटे तुमच्या काठाला, एक आमच्या काठाला, आणि बुडालेल्याचा वाटा तू देणार नाहीस.

केरबा, पाणी सरकलं म्हणून मरण सरकत नाही. अर्धं जाळं तुमच्याकडे, अर्धं आमच्याकडे. वैशाखात ते डोहात जोडायचं, जोडणाऱ्यानं हात वर केला की दोन्ही काठांनी ओढायचं, ही आपल्या बापाची रीत. जो त्यात बुडाला, त्याच्या बाईला ती जगेल तोवर दोन्ही ढिगांतून वाटा, हीही त्याचीच रीत. माझे मालक जाळं जोडतानाच गेले. तो वाटा त्यांच्या ताटाचा आहे, भीक नव्हे.

गुळाच्या पुडीचे कागद वाचत मी वाचायला शिकले. परवा एकावर होतं की विलायतेत कितीतरी राष्ट्रं समुद्रातल्या माशांवरून भांडत होती, आणि जाळ्याची भोकं केवढी असावीत ते ठरवायला शेवटी एकत्र बसली. ती बसतात. तू बहिणीच्या ओसरीवर येऊन बसत नाहीस.

वाटा नाही, तर आमचं अर्धं जाळंही नाही. माया उरली असेल तर ठेवावी.

रंगुबाई

मु. कुरणवाडी, संस्थान हद्द
ता. १३ एप्रिल १९४७

ती. रंगुअक्कास केरबाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र तवनाप्पा शेठ लिहून देत आहेत. ते जैन. मासा हा शब्द त्यांच्या लेखणीतून उतरत नाही, म्हणून ‘जिन्नस’ असे लिहिले आहे.

डोहाचा मक्ता दरबारानं मला दिला. धार तुमच्याकडे सरकली हा काय माझा गुन्हा? परराज्यातल्या एका बाईला वाटा दिला, की उद्या तुमचा अख्खा काठ पाट्या घेऊन येईल. माणूस तुमच्या काठाचा होता, तुमच्या काठानं पोसावं. विलायतेचं सांगू नकोस, तिथल्या जिन्नसाचं कालवण इथं कुणी करत नाही. तुझी भावजय बनुबाई म्हणते, गुळाचे कागद चाटून वन्सं वकील झाल्या.

तुझं अर्धं जाळं उन्हात वाळत घाल. पलटणीतून सुटून आलेल्या शिपायांनी इस्लामपूरच्या बाजारात मच्छरदाण्या विकल्या, त्या मी माझ्या अर्ध्याला शिवून घेतल्या. आता बोटाएवढा जिन्नससुद्धा सुटत नाही.

लोभ असावा, पण पल्याडूनच.

केरबा

मु. खडकवाडी
ता. २० एप्रिल १९४७

चि. केरबास आशीर्वाद. अनेक नाहीत, एकच.

अक्षर तवनाप्पांचं, मस्ती तुझी. मच्छरदाणीच्या भोकांत गाळ बसला की पाणी आरपार जात नाही. ती पोत्यासारखी फुगते आणि माणसाला घेऊन जाते. आणि बोटाएवढी पिलं यंदाच खाल्लीस, तर पुढच्या वैशाखात काय दगड धरशील? बनुबाईला सांग, मी वकील असते तर पहिला दावा तिच्या कालवणावर लावला असता.

तू डोहात उतरशील त्या दिवशी मी काठावर असेन. अडवणार नाही. मालक अडकले तेव्हा दोन्ही काठांवर एकाच्याही हाताशी विळा नव्हता. तेव्हापासून माझ्या कमरेला असतो.

तब्येतीला जप, एवढंच.

रंगुबाई

मु. कुरणवाडी
ता. ४ मे १९४७

रंगुबाईस केरबाकडून.

तू गुंडाच्या नावेतून संस्थानच्या पाण्यात शिरलीस. विळ्यानं माझं जाळं फाडलंस. सगळा जिन्नस गेला, जाळं वाहून गेलं, चार गावांत माझं हसं झालं. दरबारात अर्ज देत आहे, तिथं जाब दे.

माझ्या पायाला दोर गुंडाळला होता, हे खरं. नाकातोंडात पाणी गेलं, हेही खरं. पण मी सुटलो असतो. शेठ म्हणाले, हे वाक्य राहू दे. मी म्हटलं, लिहा.

यापुढे पत्र पाठवू नये.

केरबा

मु. खडकवाडी
ता. ११ मे १९४७

केरबा,

आपल्या आईची शपथ घालून सांगते, हे पत्र पुरतं वाचून घे.

जाळं मीच फाडलं, दरबारातही हेच सांगेन. नाव कुणाच्या हद्दीत गेली ते मी पाहिलं नाही, मी तुझा हात पाहत होते. तू बुडताना हात वर केलास आणि तुझ्या माणसांना वाटलं, ओढायची खूण केली. ती जोर लावून ओढू लागली. मालकांनीही असाच हात वर केला होता. तेव्हा पल्याडचा दोर तुझ्या हातात होता आणि अल्याडचा माझ्या. आपण दोघांनी ओढलं.

जाळं देणार नाही. वाटा सोडणार नाही. अर्ज खुशाल दे.

बनुबाईला मात्र एक विचार. मी विळा चालवला नसता, तर बुडालेल्याचा वाटा आज तिचा असता. तो तिनं एकट्या तुमच्या काठाकडून घेतला असता, की पाटी घेऊन माझ्या काठाला आली असती?

आली असती तर मी दिला असता.

रंगुबाई आकाराम